मोबाईलवर नोकरीची मुलाखत आहे? रेंज, लाईट, उत्तरं आणि फसवणूक: गावातल्या पोरांनी आधी करायची तयारी

सांगोला (प्रतिनिधी) : पुण्या-मुंबईच्या बऱ्याच कंपन्या आता नोकरीची पहिली फेरी मोबाईलवरच घेतात. कॉल सेंटर, विमा, फायनान्स, कुरिअर, ऑनलाईन क्लासेस अशा कामांसाठी आधी फोन येतो, मग व्हिडिओ कॉलची लिंक येते. आपल्याकडून पुण्याला जायचं म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर. एसटीचं भाडं, जेवण आणि बुडालेली रोजंदारी धरली तर हजार रुपये सहज जातात. घरबसल्या मुलाखतीने तो खर्च वाचतो. पण ऐन वेळी लाईट गेली, रेंज गेली किंवा पलीकडचा माणूसच भामटा निघाला तर संधीही जाते आणि कधी कधी पैसेही. बारावी-पदवी झालेल्या पोरापोरींनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही ही माहिती जपून ठेवावी.

१) आधी खात्री, मग तयारी

लिंक आली की लगेच खूश होऊ नका. कंपनीचं नाव आणि पत्ता घ्या. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाईटवर नोंदणीकृत कंपनीचं नाव शोधता येतं. कंपनीने जीएसटी नंबर दिला असेल तर तोही जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो. नाव सापडलं म्हणजे काम झालं असं नाही, कारण भामटे मोठ्या कंपनीचंच नाव वापरतात. म्हणून कंपनीच्या मूळ वेबसाईटवरचा नंबर शोधून तिथे फोन करा आणि ‘ही भरती तुमचीच आहे का’ असं विचारा.

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी थांबा :

- रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉप, गणवेश किंवा डिपॉझिटच्या नावाखाली आधी पैसे मागणे. पगार देणारा माणूस आपल्याकडून पैसे घेत नसतो.
- कॉल न करता नुसत्या टेलिग्राम-व्हॉट्सॲप चॅटवर ‘सिलेक्शन’ करणे.
- ओटीपी मागणे किंवा मोबाईलची स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावणे.
- ‘तुमचं बँक खातं वापरायला द्या, कमिशन देतो’ म्हणणे. चोरीचा पैसा अशाच खात्यांतून फिरवतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.
- घरबसल्या डेटा एन्ट्रीचा करार करायचा आणि नंतर ‘काम चुकलं, दंड भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस’ अशी धमकी द्यायची. घाबरून पैसे भरू नका, पोलिसांकडे जा.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

२) रेंज आणि डेटा

यूट्यूब चालतं म्हणजे व्हिडिओ कॉल चालेलच असं नाही. यूट्यूबला डाऊनलोड लागतं. आपला चेहरा आणि आवाज पलीकडे जातो तो अपलोडने. स्पीड तपासताना अपलोडचा आकडा बघा. दोन-तीन एमबीपीएस मिळत असेल तर काम भागतं.

मुलाखत सकाळी अकराला असेल तर आदल्या दिवशी अकरालाच, त्याच जागेवर बसून मित्राला व्हिडिओ कॉल लावा. संध्याकाळी सगळं गाव मोबाईलवर असतं, तेव्हाची रेंज वेगळी आणि सकाळची वेगळी. ५जी येऊन-जाऊन असेल तर सेटिंगमध्ये फक्त ४जी करून बघा, कॉल स्थिर राहतो.

रोज दीड जीबीचा पॅक असेल तर त्या दिवशी सकाळी रील बघत बसू नका. तासाभराच्या व्हिडिओ कॉलला एक जीबीच्या आसपास डेटा लागू शकतो. दिवसाचा कोटा संपला की स्पीड इतका पडतो की कॉल चालतच नाही.

मुलाखत चालू असताना मामाचा फोन आला तर आवाज तुटतो. त्यावर सोपा उपाय आहे. घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर हॉटस्पॉट चालू करा. आपला मोबाईल फ्लाईट मोडवर टाकून वाय-फायने त्याला जोडा. वाय-फाय कॉलिंग बंद असेल तर मग आपल्याला साधा कॉल येत नाही. हॉटस्पॉटवाल्या मोबाईलवरही कोणी फोन करू नये, एवढं घरात सांगून ठेवा. दोन मोबाईलमध्ये वेगवेगळ्या कंपनीची सिम असतील तर आणखी चांगलं, एकाची रेंज गेली तरी दुसरं असतं.

३) लाईट आणि जागा

वस्तीवर राहणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. शेतीच्या लाईनवरची लाईट पाळीने येते, त्यामुळे मुलाखतीच्या वेळी ती नसेल असंच धरून चाला. मोबाईल रात्रीच पूर्ण चार्ज करा, पॉवर बँक जवळ ठेवा. घरात वाय-फाय असेल तर लाईट गेली की राऊटरही बंद पडतो. गावठाणात पाहुण्यांचं घर असेल आणि तिथे रेंज चांगली असेल तर सरळ तिकडे जाऊन बसा.

जागा शांत हवी. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, शेजारी गिरणी किंवा देवळाचा भोंगा असेल तर काहीच ऐकू जात नाही. मागे साधी भिंत असावी. खिडकी किंवा दार समोर असावं, पाठीमागे असेल तर चेहरा काळा दिसतो. मोबाईल हातात धरू नका. डब्यावर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या उंचीला, आडवा टेकवा. वायरवाला इअरफोन वापरा. बोलताना स्क्रीनवरच्या आपल्याच चेहऱ्याकडे बघू नका, कॅमेऱ्याकडे बघा.

घरच्यांना एक विनंती. मुलगा असो वा मुलगी, तेवढा एक तास खोली मोकळी द्या. मागून पाणी मागायला किंवा उत्तर सांगायला कुणी येऊ नये.

४) काय बोलायचं

‘स्वतःबद्दल सांगा’ हा प्रश्न येतोच. नाव, गाव, शिक्षण, आतापर्यंत केलेलं काम आणि ही नोकरी का हवी, एवढं दीड मिनिटात सांगता आलं पाहिजे. मोठ्याने बोलून पाच-सहा वेळा सराव करा. पाठ केलेलं वाचून दाखवू नका. डोळे फिरतात ते समोरच्याला कळतं.

आपली पोरं एका ठिकाणी हमखास अडतात. ‘दोन वर्षं काय केलं?’ असं विचारलं की मान खाली घालून ‘घरीच होतो’ म्हणतात. अरे, घरी म्हणजे काय केलं ते सांगा की! डाळिंबाच्या फवारणीचं वेळापत्रक सांभाळलं, मजुरांचा हिशोब ठेवला, व्यापाऱ्याशी भावाचं बोलणं केलं, डेअरीची बिलं जुळवली. कंपनीच्या भाषेत हेच नियोजन, हिशोब आणि ग्राहकाशी बोलणं. खोटं काही घालू नका, पण केलेलं लपवूही नका. एखादी अडचण कशी सोडवली ते उदाहरणासह सांगा : काय झालं होतं, तुम्ही काय केलं आणि शेवटी काय निघालं.

इंग्रजीचा बाऊ करू नका. साधी, छोटी वाक्यं बोला. प्रश्न कळला नाही तर ‘सर, परत सांगाल का?’ असं विचारण्यात कमीपणा नाही. अडलं तर ‘हिंदीत सांगू का?’ असं विचारा.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ म्हणतील. तेव्हा गप्प राहू नका. हातात पगार किती येणार, शिफ्ट रात्रीची आहे का, ट्रेनिंगच्या दिवसांचे पैसे मिळतात का, लॅपटॉप कोण देणार, पुढे पुण्याला राहायला यावं लागेल का, नोकरी सोडली तर बाँड आहे का, हे विचारा. वर्षाचं ‘पॅकेज’ आणि हातात येणारा पगार यात फरक असतो. पीएफ लागू असेल तर मूळ पगाराच्या साधारण १२ टक्के आपल्या वाट्याचे कापले जातात. शहरातलं खोलीभाडं आणि मेसचा खर्च वजा करूनच हो म्हणा.

५) कागदपत्रं

बायोडाटा एक पानाचा, पीडीएफमध्ये आणि फाईलला स्वतःचं नाव दिलेला असावा. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या मार्कशीट डिजिलॉकरमध्ये मिळतात. आधार मागितलंच तर मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. मूळ कागदपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नका.

६) मध्येच कॉल तुटला तर

घाबरू नका. मुलाखत घेणाऱ्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा. ‘सर, गावात नेटवर्क गेलं, दोन मिनिटांत परत जोडतो’ असा मेसेज पाठवा आणि त्याच लिंकवरून परत या. झूमच्या मोफत खात्यावरची मीटिंग ४० मिनिटांनी आपोआप बंद पडते, तेव्हा दोष आपलाच असतो असं नाही.

मुलाखतीच्या दिवशी हे तपासा

- तारीख, वेळ, सकाळ की संध्याकाळ
- ॲप आधीच डाऊनलोड, कॅमेरा-माईकची परवानगी दिलेली, ॲपमध्ये स्वतःचं खरं नाव
- चार्जिंग, पॉवर बँक, दुसरा मोबाईल, इअरफोन
- बायोडाटा, वही-पेन, पाण्याचा तांब्या
- दहा मिनिटं आधी जागेवर

पहिल्याच मुलाखतीत निवड होईल असं नाही. कोणते प्रश्न आले, कुठे अडलं ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तीच वही कामाला येते. नोकरीच्या जाहिराती बघायच्या असतील तर राज्य सरकारचं महास्वयम आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस या दोन्ही पोर्टलवर नाव नोंदवता येतं. तिथे नोंदणीला पैसे लागत नाहीत.