हलकी सायकल आणि तिचे घडविते हात

दूधवाल्याची वा टपालवाल्याची काळी, भारदस्त सायकल आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तिची घडण मूळची इंग्रजी. परंतु ज्या इंग्लंडाने ती जगास दिली, त्याच देशात तिच्या जवळजवळ निम्म्या वजनाच्या सायकलीही घडत होत्या. त्या शर्यतीसाठी व दूरच्या भ्रमंतीसाठी असत. त्यांचा इतिहास आम्हांस विशेष उद्बोधक वाटतो.

हलकेपणा म्हणजे केवळ लोखंड कमी करणे नव्हे. भार कोठे पडतो हे ओळखणे होय. सायकलीच्या सांगाड्यातील नळीवर अधिक ताण येतो तो सांध्यांपाशी. मधल्या भागावर तो कमी असतो. बर्मिंगहॅम येथे खिळे बनविणाऱ्या रेनॉल्ड्स घराण्यातील आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी हे मर्म हेरले. बाहेरून सर्वत्र सारखी, पण आतून टोकांशी जाड आणि मध्ये पातळ, अशा नळीचे पेटंट त्यांनी १८९७ साली घेतले. पुढे १९३५ मध्ये त्यांच्याच कारखान्याने मँगॅनीज व मॉलिब्डेनम मिसळलेले '५३१' पोलाद प्रचारात आणले. आता नळीचा मधला भाग एक मिलिमीटरहूनही बराच पातळ ठेवता येऊ लागला.

मात्र नळी उत्तम असली म्हणजे सायकल उत्तम होत नाही. नळ्या सांध्यांच्या खोबणीत बसवून पितळेने झाळाव्या लागत. आच कमी पडली तर पितळ सांध्यात भिनत नसे. अधिक झाली तर पातळ पोलादाचे बळ जाई. ही आच कारागीर धातूच्या बदलत्या रंगावरून ओळखी. म्हणूनच हा उद्योग प्रचंड कारखान्यांत नव्हे, तर लहान लहान कर्मशाळांत बहरला.

लंडनच्या टॉटनहॅम भागात, रशियातून आलेल्या हायमन हेचिन यांचे असेच एक दुकान होते. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांना दिलेल्या डौलदार वळणामुळे त्यांची सायकल दुरूनही ओळखू येई. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या टोनी मेर्केन्सने हेचिन्स सायकलीवरच सुवर्णपदक जिंकले. सायकलीवर नाव झळकले ते दुकानदाराचे. अनेक दशके ते सांगाडे झाळले, कानशीने घासून त्यांचे सांधे नक्षीदार केले ते मात्र जॅक डेनी यांनी.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी सामान्यांच्या आवाक्यात आल्या, सायकलीची मागणी घटली आणि अशा अनेक कर्मशाळा एकामागून एक बंद पडल्या. पुढे शर्यतीत ॲल्युमिनियम आणि कार्बनतंतू आले. आज रसिक मंडळी जुन्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक वाचून त्याचे साल शोधतात, दुकानाची वही धुंडाळतात. डेनी यांचे नाव तरी उरले. इतर कित्येकांचे त्या वहीतही नाही. त्यांची खूण शोधावयाची तर ती सांध्यावरच शोधावी लागते: जेथे पितळ काठोकाठ भरले आहे आणि इतक्या वर्षांनंतरही चीर पडलेली नाही. आम्हांस वाटते, कारागिराची याहून खरी स्वाक्षरी नाही.