सोळा घरांचा पट

चार आडव्या आणि चार उभ्या ओळींच्या पटाने अवघ्या जगाला वेड लावल्याचा पहिला मोठा दाखला १८८० सालचा आहे. पंधरा अंकित ठोकळे व एक रिकामे घर एवढ्याच सामग्रीच्या त्या कोड्याने प्रथम अमेरिका आणि पाठोपाठ युरोप व्यापले. शेवटचे १४ व १५ हे दोनच ठोकळे उलट मांडले असता त्यांना सरकवून क्रमावर आणणे अशक्य आहे, अशी सिद्धता जॉन्सन व स्टोरी यांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स'च्या १८७९ च्या खंडात दिली होती. तरीही लोकांचा हव्यास ओसरला नाही. या कोड्याचे जनकत्व सॅम लॉइड याने १८९१ पासून मरेपर्यंत स्वतःकडे घेतले. वस्तुतः त्याचा मान न्यूयॉर्क संस्थानातील कॅनस्टोटा गावचे पोस्टमास्तर नॉइज चॅपमन यांचा होता.

त्याच सोळा घरांवर २०१४ साली दुसरा कज्जा उभा राहिला. अ‍ॅशर व्होल्मर आणि ग्रेग वोल्वेंड यांनी सुमारे चौदा महिने खपून, अनेक मांडण्या रचून आणि मोडून, 'थ्रीज' हा दूरध्वनीवर खेळावयाचा खेळ फेब्रुवारीत प्रसिद्ध केला. त्यात एक आणि दोन मिळून तीन होतात, पुढे समान अंकच परस्परांत मिसळून दुप्पट होतात, आणि प्रत्येक चालीला ठोकळे एकच घर सरकतात. त्याच्या अनुकरणातून '१०२४' हा खेळ निघाला. आणि त्यावरून गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन तरुणाने मार्चमध्ये, शनिवार-रविवारच्या सुटीत, '२०४८' रचून तो विनामूल्य खुला केला. येथे ठोकळे थेट भिंतीपर्यंत धावतात. अल्पावधीतच या धाकट्या खेळाची कीर्ती थोरल्याहून अधिक झाली.

खेळणाऱ्यांत तेव्हा दोन तट पडले. एका पक्षाला '२०४८' प्रिय वाटला. कारण त्याचे नियम क्षणात उमगतात, दाम पडत नाही आणि गाठावयाचे शिखर नावातच सांगितलेले असते. दुसरा पक्ष म्हणे की, सर्वांत मोठा अंक एका कोपऱ्यात धरून ठेवण्याची युक्ती साधली की त्या खेळातील चिंतन संपते. उलट 'थ्रीज'मध्ये येणाऱ्या ठोकळ्याची पूर्वसूचना मिळत असल्याने आणि प्रत्येक चाल पटाची रचना थोडीथोडीच बदलत असल्याने, दीर्घ परिचयानंतरही विचाराला वाव उरतो. 'थ्रीज'च्या कर्त्यांनी आपला खासगी पत्रव्यवहारच प्रसिद्ध करून, वरकरणी सोप्या दिसणाऱ्या नियमांमागील परिश्रमांची साक्ष लोकांपुढे ठेवली.

माझ्या मते आस्वादापुरते दोन्ही पक्ष खरे आहेत. कारण श्रमलेल्या मनाला विसावा देणे आणि सावध मनाला आव्हान देणे ही दोन्ही खेळाची न्याय्य प्रयोजने होत. कर्तृत्वाचा हक्क मात्र लोकप्रियतेच्या मापाने ठरवता येत नाही. अ‍ॅपलने २०१४ चा सर्वोत्तम आयफोन-खेळ म्हणून 'थ्रीज'चा गौरव केला, हे उचितच झाले. आणि चिरुल्लीने आपल्या खेळाच्या पानावर '१०२४'चे ऋण नोंदवून 'थ्रीज'शी असलेले साम्यही मान्य केले, हे त्याला भूषणावह आहे. मोजक्या नियमांचा खेळ उचलणे जितके सोपे, तितकाच त्याच्या मूळ कर्त्याचा विसर पडणेही सोपे. म्हणून खेळणाऱ्याने मत कोणतेही द्यावे, परंतु ते देण्यापूर्वी हा पट प्रथम कोणी मांडला याची चौकशी अवश्य करावी.