गोठलेलं भाडं

दर पावसाळ्यात मुंबईत एखादी चाळ पडते. दोष पावसाला देतात, पण गोष्ट जुनी आहे. १९४७च्या कायद्याने जुन्या घरांचं भाडं १९४०च्या पातळीवर गोठवलं. टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. पण तात्पुरता कायदा मुदतवाढींवर जगत राहिला. भाड्यात दुरुस्ती भागेना, भाड्यासाठी नवं कुणी बांधेना, खोल्या पागडीवर फिरू लागल्या. १९६९मध्ये सरकारने उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं. १९९९च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, तीही त्याच जुन्या आकड्यावर. म्हणून आज पुनर्विकास वाढीव एफएसआयवर चालतो. वरचे मजले विकले जाणार नसतील तर बिल्डर येत नाही, आणि भाडेकरू टेकू लावलेल्या जिन्यानेच घरी जातो.