पाच वाक्यांचे चरित्र

२६ मे २००५ रोजी इंग्रजी विकिपीडियावर जॉन सिगेनथॉलर या अमेरिकी पत्रकाराच्या नावाने एक चरित्र आले. मोजून पाच वाक्यांचे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांचे सहायक होते, असे पहिल्या वाक्यात होते. जॉन आणि रॉबर्ट या दोन्ही केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा थेट हात असावा असे काही काळ मानले जात होते, हे दुसरे वाक्य. तिसरे वाक्य, काहीही सिद्ध झाले नाही. चौथ्यानुसार ते १९७१ मध्ये सोव्हिएत संघात राहायला गेले आणि १९८४ मध्ये परतले. पाचव्यात त्यांनी काढलेल्या मोठ्या जनसंपर्क कंपनीचा उल्लेख होता. लिहिणाऱ्याचे नाव नव्हते, आधार म्हणून एकही संदर्भ नव्हता.

खुनाचा आणि सोव्हिएत संघाचा मजकूर धादांत खोटा होता. त्यातही सर्वांत विखारी वाक्य तिसरे. ‘काहीही सिद्ध झाले नाही’ असे म्हटले की लिहिणारा समतोल वाटू लागतो, वाचणाऱ्याला वाटते की याने दोन्ही बाजू पाहिल्या असतील. आरोप मात्र जागच्या जागी राहतो. वृत्तपत्राच्या कचेरीत वाढलेल्या कोणत्याही उपसंपादकाने या वाक्यापाशी थांबून पहिला प्रश्न विचारला असता: हे कोण म्हणते?

विकिपीडियावर हा प्रश्न कोणी विचारला नाही. तीन दिवसांनी, २९ मे रोजी, एका स्वयंसेवकाची नजर त्या पानावरून गेली. त्याने एका शब्दातली स्पेलिंगची चूक दुरुस्त केली आणि तो पुढे गेला. खुनाचा संशय तसाच राहिला, शुद्धलेखन तेवढे सुधारले.

हा मजकूर ज्यांच्याविषयी होता ते सिगेनथॉलर कोण होते, हे समजून घेतल्याशिवाय या प्रकरणातला अन्याय पुरता कळत नाही. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात १९२७ मध्ये जन्मलेले सिगेनथॉलर १९४९ मध्ये ‘द टेनेसियन’ या दैनिकात बातमीदार म्हणून लागले. १९५४ मध्ये कंबरलँड नदीवरच्या पुलावरून उडी मारायला निघालेल्या एका माणसाशी ते बोलत राहिले आणि ऐन वेळी त्याला धरून त्यांनी वाचवले. २०१४ मध्ये त्याच पुलाला त्यांचे नाव देण्यात आले. १९६१ मध्ये ते रॉबर्ट केनेडी यांच्या कार्यालयात गेले. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय तरुण तेव्हा एकाच बसमध्ये शेजारी बसून दक्षिणेतल्या वर्णभेदाला आव्हान देत होते. त्यांची बस २० मे १९६१ रोजी अलाबामातल्या मॉन्टगोमेरीच्या स्थानकावर पोहोचली तेव्हा जमाव चालून आला, आणि शहराचे पोलीस जागेवर नव्हते. केनेडींचे प्रतिनिधी म्हणून तिथे आलेले सिगेनथॉलर दोन तरुणींना आपल्या गाडीत घेऊ पाहत असताना त्यांच्या डोक्यात पाइप बसला आणि ते रस्त्यात बेशुद्ध पडले.

त्या वेळी मॉन्टगोमेरीच्या पोलिसांचा कारभार एल. बी. सलिव्हन या आयुक्तांकडे होता. याच सलिव्हन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’वर बदनामीचा दावा लावला होता. त्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दिलेला निकाल तिथल्या वृत्तपत्र-स्वातंत्र्याचा पाया मानला जातो. सार्वजनिक अधिकाऱ्याला बदनामीचा दावा जिंकायचा असेल, तर छापणाऱ्याला मजकूर खोटा असल्याचे माहीत होते किंवा खऱ्याखोट्याची त्याने बेदरकारपणे पर्वा केली नाही, हे सिद्ध करावे लागेल, असे न्यायालयाने ठरवले. सिगेनथॉलर १९६२ मध्ये ‘द टेनेसियन’चे संपादक झाले होते. या निकालाने मिळालेल्या मोकळिकीत त्यांनी संपादक म्हणून पुढची वर्षे काढली. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली तेव्हा त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत सिगेनथॉलर होते. त्याच हत्येचा संशय वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या नावावर चिकटवला गेला.

निनावी आरोप त्यांना नवा नव्हता. १९७६ मध्ये त्यांच्या दैनिकातली एक उपसंपादक एफबीआयला माहिती पुरवते असे उघड झाले आणि त्यांनी तिला कामावरून दूर केले. पुढे एफबीआयच्या कागदपत्रांत खुद्द त्यांच्याच चारित्र्यावर शिंतोडे उडवणारी नोंद असल्याचे समोर आले. ही माहिती कोणी दिली, त्याचे नाव नव्हते. सिगेनथॉलर यांनी ती नोंद दडवली नाही, स्वतःच्याच वृत्तपत्रात छापली. सरकारने माफी मागितली आणि नोंद काढून टाकली. फाइलीतला आरोप निदान एका कपाटात बंद होता. २००५ मधला आरोप जगातल्या कोणत्याही घरातून दोन क्लिकवर दिसत होता.

सप्टेंबर २००५ मध्ये एका मित्राच्या ते पान दृष्टीस पडले. दुसऱ्या एका परिचित पत्रकाराने २३ सप्टेंबरला त्या जागी सिगेनथॉलर यांचे खरे चरित्र टाकले. पण ते एका संस्थेच्या संकेतस्थळावरून जसेच्या तसे घेतलेले होते, म्हणून कॉपीराइटच्या कारणाने दुसऱ्या दिवशी काढले गेले आणि तिथे एक छोटे, नव्याने लिहिलेले चरित्र आले. उसना मजकूर एका दिवसात पकडणारी व्यवस्था खुनाचा आरोप मात्र चार महिने पाहत राहिली. हा दोष कोण्या एका स्वयंसेवकाचा नव्हता. तेव्हाच्या नियमांत कॉपीराइट ही ठसठशीत बाब होती आणि माणसाची अब्रू नव्हती. पानाच्या इतिहासातला जुना मजकूर ५ ऑक्टोबरला झाकण्यात आला. दरम्यान विकिपीडियाचा मजकूर उचलून छापणाऱ्या इतर संकेतस्थळांवर तो पसरला होता, आणि तिथे आणखी तीन आठवडे राहिला. सिगेनथॉलर यांच्या मुलाने, जो स्वतः एनबीसी वाहिनीवर पत्रकार होता, तो तिथे पाहिला.

दाद कुठे मागायची? अमेरिकेतल्या १९९६ च्या कायद्यातले कलम २३० म्हणते की दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळ चालवणाऱ्याला प्रकाशक म्हणून जबाबदार धरता येत नाही. लिहिणारा सापडायचा तर हाती होता फक्त एक आयपी क्रमांक. तो कोणाचा हे इंटरनेट कंपनी न्यायालयाच्या आदेशाशिवाय सांगणार नव्हती. अज्ञात व्यक्तीविरुद्ध दावा लावणे हा एकच मार्ग उरत होता. सिगेनथॉलर यांनी तो घेतला नाही. १९९१ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी केंद्र उभे करणाऱ्या या माणसाला, आपल्या दुखण्यावर इलाज म्हणून सरकारने इंटरनेटवर बंधने आणावीत, हे नको होते. त्यांनी संपादकाचे हत्यार उचलले. २९ नोव्हेंबर २००५ रोजी ‘यूएसए टुडे’मध्ये, म्हणजे १९८२ मध्ये ज्याचे ते पहिले संपादकीय संचालक होते त्याच दैनिकात, त्यांनी लेख लिहिला आणि ती बदनामीची वाक्ये स्वतःच वाचकांपुढे ठेवली.

खळबळ उडाली. ५ डिसेंबरला विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स आणि सिगेनथॉलर सीएनएनवर समोरासमोर आले. इंग्रजी विकिपीडियावर नवे पान तयार करायचे तर आधी खाते उघडावे लागेल, असे त्याच दिवशी ठरले. हा उपाय वरवरचा होता. जुन्या पानांवर कोणीही निनावी लिहू शकत होताच. शिवाय खाते उघडताना खरे नाव द्यावे लागत नाही, आणि खाते असले की आयपी क्रमांक जगाला दिसत नाही. लिहिणारा सापडला तो त्याने खाते उघडले नव्हते म्हणूनच. विकिपीडियाचे टीकाकार डॅनियल ब्रँट यांनी त्या क्रमांकाचा माग काढला आणि तो नॅशव्हिलमधल्याच एका कुरियर कंपनीपर्यंत पोहोचला. तिथल्या एका कर्मचाऱ्याने डिसेंबरमध्ये सिगेनथॉलर यांच्या कार्यालयात जाऊन स्वतःच्या हाताने माफीचे पत्र दिले. सहकाऱ्याची गंमत करायला लिहिले, ते संकेतस्थळ थट्टेचेच आहे असे वाटले, असा त्याचा खुलासा होता. त्याने नोकरीचा राजीनामा दिला. त्याला परत कामावर घ्या, असे त्याच्या मालकाला सांगणारे सिगेनथॉलरच होते. या प्रकरणात इतक्या मोठ्या मनाने दुसरे कोणी वागले नाही.

खरा बदल त्यानंतर आला. डिसेंबर २००५ मध्येच ‘जिवंत व्यक्तींची चरित्रे’ या नावाचे धोरण लिहायला घेतले गेले. त्याचा गाभा असा: हयात माणसाविषयी वादग्रस्त मजकूर असेल आणि त्याला भक्कम संदर्भ नसेल, तर चर्चेची वाट न पाहता तो तत्काळ काढावा. विकिपीडियाच्या मूळ स्वभावाला ही मोठी मुरड होती. त्याआधीचा नुपीडिया हा प्रकल्प तज्ज्ञांच्या सात टप्प्यांच्या तपासणीत अडकून मोजक्याच लेखांवर थांबला होता. त्या अनुभवानंतर वेल्स आणि लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू केला, तो ‘आधी लिहा, मागाहून सुधारा’ या भरवशावर. नोंद धातूंविषयी किंवा नद्यांविषयी असेल तर हा भरवसा पुष्कळ अंशी टिकतो. डिसेंबर २००५ मध्येच ‘नेचर’ नियतकालिकाने ४२ विज्ञान-लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा विकिपीडियात सरासरी चार आणि ब्रिटानिकात सरासरी तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने ती पद्धत अमान्य केली, पण जाणकारांना नवख्या कोशाचे कौतुक वाटलेच. नदीची लांबी महिनाभर चुकीची राहिली तर नदीचे काही बिघडत नाही. माणसाचे बिघडते. तुर्की इतिहासकार तानेर अक्चाम यांना फेब्रुवारी २००७ मध्ये मॉन्ट्रियल विमानतळावर काही तास अडवून ठेवले गेले. त्यांच्या विकिपीडिया-चरित्रात कोणीतरी त्यांना दहशतवादी ठरवले होते आणि अधिकाऱ्यांच्या हाती तेच पान होते, असे त्यांनी सांगितले.

नियम आला तरी नियत तपासता येत नाही, हे लंडनमधल्या एका प्रकरणाने दाखवले. ‘द इंडिपेंडंट’चा स्तंभलेखक योहान हारी राजकीय पत्रकारितेतला चमकता तारा होता, २००८ चे ऑरवेल पारितोषिक त्याच्या नावावर होते. विकिपीडियावर ‘डेव्हिड आर’ या नावाचे एक खाते हारीच्या चरित्रातली टीका सौम्य करीत असे आणि ज्यांच्याशी हारीचे बिनसले होते त्या पत्रकारांच्या चरित्रांत बोचरा मजकूर घालत असे. निक कोहेन आणि क्रिस्टिना ओडोन हे त्यांतले दोघे. हरकत आली की हा ‘डेव्हिड’ चर्चापानावर हिरिरीने वाद घालायचा आणि आपण हारीचा मित्र असल्याचे सांगायचा. २०११ च्या उन्हाळ्यात हारीवर वाङ्मयचौर्याचे आरोप झाले, तेव्हा लोकांनी जुन्या नोंदी उकरून काढल्या. सप्टेंबरमध्ये हारीने कबुली दिली: डेव्हिड म्हणजे तोच. त्याने माफी मागितली आणि पारितोषिक परत केले.

नॅशव्हिलचा कर्मचारी अजाण होता, हारी जाणता होता. कोणता शब्द कुठे बसवला की माणूस कायमचा डागाळतो, हे त्याला व्यवसायाने शिकवले होते. म्हणून त्याचा अपराध मोठा आहे. तो पकडला गेला याचे श्रेय मात्र विकिपीडियाच्याच एका गुणाला द्यावे लागते: पानावर कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद तिथे राहते आणि कोणालाही वाचता येते.

मराठीत कोशांची परंपरा मोठी आहे आणि तिच्यात जबाबदारी उघड असते. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव छापलेले असते. चूक असेल तर कोणाला विचारायचे हे वाचकाला कळते. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, तिथे नावाच्या जागी बदलांचा इतिहास आहे. हे वाद आता आपल्याही दारात आले आहेत. एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्यावरच्या लेखातील मजकुराबद्दल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटी रुपयांचा दावा लावला, आणि संपादन करणाऱ्यांची ओळख उघड करण्याचा प्रश्न तिथे उभा राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील लेखातील आक्षेपार्ह मजकुरावरून महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी विकिपीडियाला नोटीस पाठवली. न्यायालय आणि पोलीस येतात ते पान वाचले जाऊन, पसरून झाल्यावर.

त्याआधी येऊ शकतो तो वाचक. कोणत्याही पत्रकाराचे, पुढाऱ्याचे वा लेखकाचे चरित्र विकिपीडियावर वाचताना वरच्या बाजूची ‘चर्चा’ आणि ‘इतिहास पहा’ ही दोन कळीची बटणे दाबून पाहावीत. हयात माणसावरचा आरोप संदर्भाशिवाय दिसला, तर तो काढून टाकण्याचा अधिकार धोरणाने प्रत्येकाला दिलेला आहे. तो वापरावा.