एलईडी प्रकाशयोजना, पिकांसाठी
प्रकाश-उत्सर्जक डायोडांनी हरितगृहातील वा प्रयोगशाळेतील पिकांना कृत्रिम प्रकाश पुरविण्याची पद्धती. प्रकाशसंश्लेषणास ४००–७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो, एलईडीत त्यातील लाल (सु. ६६०) व निळा (सु. ४५०) नेमका निवडता येतो. कार्यक्षम निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. शेवंतीसारख्या लघुदिनी पिकाला रात्री प्रकाश दिल्यास फुलोरा लांबतो.

तापीकाठच्या बऱ्हाणपूर या केळीच्या जिल्ह्यात ऊन मुबलक असल्याने बागेला अशा प्रकाशाची गरज नसते. मात्र लागवडीसाठीची ऊतिसंवर्धित केळीरोपे प्रयोगशाळेच्या बंदिस्त कक्षात, बाटल्यांमध्ये, रोज साधारण १६ तास दिव्यांखाली वाढतात. तेथे एलईडीमुळे विजेची व वातानुकूलनाची बचत होते. पुढे हरितगृहात व शेडनेटमध्ये ती उन्हाला सरावतात.