हायड्रेंजियाची दोन नावे

बुटके हायड्रेंजिया ही काही केवळ आधुनिक रोपवाटिकांची करामत नव्हे. जपान आणि कोरियाच्या डोंगरांत मुळातच ठेंगणी अशी एक जात आहे: यामा-अजिसाई, म्हणजे डोंगरी हायड्रेंजिया. उंची सुमारे १ मीटर, पाने दातेरी, बारीक फुलांचा सपाट गुच्छ आणि त्याभोवती मोजक्या मोठ्या फुलांची कडा. कुंडीतही या झुडपाला डोंगरातल्या झाडीची सवय सुटत नाही. सकाळचे ऊन, दुपारची सावली, ओल धरणारी पण पाणी न साचणारी माती त्याला हवी. आम्लधर्मी मातीतून ॲल्युमिनियम मिळाले की फुले निळसर होतात. छाटणी फुलोरा ओसरताच करावी. उशीर झाला तर जुन्या फांद्यांनी धरलेल्या पुढल्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात.

आजचा थ्रेड मात्र हे झुडूप आणि त्याचे समुद्रकाठचे थोराड भावंड यांच्या नावांविषयी.

१७७५ साली स्वीडिश वैद्य कार्ल पीटर थुनबर्ग डच कंपनीच्या नोकरीत नागासाकीच्या देजिमा बेटावर उतरला. परकीयांना बेटाबाहेर मोकळीक नव्हती. तेव्हा हा गृहस्थ जनावरांसाठी येणाऱ्या चाऱ्यातून वनस्पती वेचून काढी! १७८४ च्या ग्रंथात त्याने दोन्ही झुडपे नोंदवली, पण व्हायबर्नम या भलत्याच प्रजातीत.

१८२३ मध्ये त्याच बेटावर जर्मन वैद्य फिलिप फ्रांझ फॉन सिबोल्ट आला. नागासाकीची कुसुमोतो ताकी ही त्याची सहचारिणी. १८२७ मध्ये त्यांना इने ही मुलगी झाली. पुढल्याच वर्षी त्याच्याकडे देशाचे निषिद्ध नकाशे सापडले. ते पुरवणारे ताकाहाशी कागेयासु तुरुंगात मरण पावले आणि १८२९ मध्ये सिबोल्टला हद्दपार करण्यात आले. मायलेकी मागे राहिल्या.

डोंगरी झुडपाच्या गोड पानांच्या प्रकाराला सिबोल्टने उघडपणे थुनबर्गचे नाव दिले: हायड्रेंजिया थुनबर्गी. (याच पानांचा चहा बुद्धजयंतीला, ८ एप्रिल रोजी, जपानमध्ये बालबुद्धाच्या मूर्तीवर ओततात.) थोराड भावंडाच्या गोल गुच्छांच्या बागाईत प्रकाराचे नाव त्याने हायड्रेंजिया ओताक्सा ठेवले आणि हा जपानी लोकांचाच शब्द असल्याचे सांगितले. असा शब्द जपानीत नाहीच, हे पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ तोमितारो माकिनो यांनी दाखवून दिले. तो होता 'ओ-ताकी-सान', म्हणजे ताकीबाई. खाजगी नाते शास्त्रीय नावात घुसडल्याबद्दल माकिनो संतापले होते.

त्यांचा आक्षेप मला अर्धाच पटतो. सहकारी पुरुषांची नावे वनस्पतींना बिनदिक्कत दिली जात. ताकीला मात्र वेष पालटून यावे लागले. आज ओताक्सा हे निव्वळ पर्यायनाम उरले आहे. थुनबर्गी अजूनही उपप्रकाराचे नाव म्हणून वापरात आढळते.

अजिसाई हे आता नागासाकीचे नगरपुष्प आहे. इने पाश्चात्त्य वैद्यक शिकून प्रसूतितज्ज्ञ झाली. १८५९ मध्ये सिबोल्ट जपानला परतला, तेव्हा ती ३२ वर्षांची होती.