भुंग्याचे पुढे काय झाले? कीटक-राक्षस, त्यांचा परलोक आणि आजचे कल्पनारम्य खेळ

१/ कर्णाची मांडी पोखरणारा भुंगा मराठी घराघरांत ठाऊक आहे. गुरूची झोप मोडू नये म्हणून कर्णाने वेदना सोसली, रक्ताच्या स्पर्शाने परशुराम जागे झाले, शाप मिळाला आणि कथा कुरुक्षेत्राकडे वळली. त्या भुंग्याचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच विचारले जाते. हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे. 🧵

२/ हाच प्रश्न आज निराळ्या रूपात उभा आहे. कल्पनारम्य खेळांच्या विश्वांत मानव, एल्फ, ड्वार्फ यांच्या जोडीला कीटकवंशही असतात. मेलेल्या मानवाचा आत्मा कोणत्या लोकी जातो, याचा तपशील त्या खेळांच्या ग्रंथांत सापडतो. मग मुंग्यांच्या किंवा टोळांच्या वंशाचे काय? त्यांना आत्मा असतो, की ती केवळ मारण्याची धन असते?

३/ हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यातून पाहण्यास कारण आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा हे ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते आणि मृतांच्या उत्तरक्रियेसाठी लोक तेथे येतात. त्याच शहादा तालुक्यात, तापीच्याच काठी, सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचे मंदिर आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तेथे यात्रा भरते. तिचा घोडेबाजार सर्वदूर प्रसिद्ध आहे.

४/ आणि दत्तात्रेय म्हणजे ज्यांनी कीटकांना गुरू केले ते दैवत. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. परंपरेने या अवधूताला दत्तात्रेय मानले आहे. त्या गुरूंमध्ये पृथ्वी, वायू, समुद्र यांच्या पंक्तीला मधमाशी, दिव्यावर झेपावणारा पतंग, कोळी आणि कुंभारीण माशी बसली आहे.

५/ आता भुंग्याकडे. महाभारताच्या शांतिपर्वात तो साधा भुंगा नाही. त्याचे नाव अलर्क. आठ पाय, तीक्ष्ण दाढा, अंगभर सुईसारखे केस, आकार डुकरासारखा. रक्त, मांस आणि मेद हे त्याचे अन्न. आजच्या एखाद्या खेळाच्या राक्षसकोशात हे वर्णन जसेच्या तसे उतरवले, तरी ते परके वाटणार नाही.

६/ परशुरामांची दृष्टी पडताच अलर्क मरतो, आणि त्याच क्षणी आकाशात एक राक्षस प्रकट होतो. हात जोडून तो सांगतो, की कृतयुगात आपण दंश नावाचा महासुर होतो; भृगूच्या पत्नीचे हरण केल्यामुळे भृगूने शाप देऊन किडा केले; भृगुकुळातील रामाच्या हातून मुक्ती मिळेल, असा उःशाप होता. आभार मानून तो निघून जातो.

७/ म्हणजे या प्रसंगात शाप मिळतो तो कर्णाला आणि मुक्ती मिळते ती किड्याला. लोककथेने कर्णाचे दुःख जपले आणि किड्याची सुटका गाळली. मूळ कथेत मात्र त्या विक्राळ देहाला भूतकाळ आहे, अपराध आहे, शिक्षेची मुदत आहे आणि मरणानंतरचे आयुष्यही आहे.

८/ याहून विलक्षण कथा अनुशासनपर्वात आहे. युद्धात ज्यांनी इच्छेने वा अनिच्छेने प्राण सोडले त्यांची गती काय, असे युधिष्ठिर शरशय्येवरील भीष्मांना विचारतो. लक्षावधी माणसे मेल्यानंतर विचारलेला हा प्रश्न आहे. भीष्म उत्तरादाखल एका किड्याची गोष्ट सांगतात.

९/ गाडीवाटेने एक किडा जीव घेऊन धावत असतो. व्यास त्याला घाईचे कारण विचारतात. येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येतो आहे, बैलांचे धापा टाकणे ऐकू येते आहे, म्हणून पळतो आहे, असे तो सांगतो. किड्याच्या देहात असे कोणते सुख आहे, की मरण नको वाटावे? किड्याचे उत्तर असे, की प्रत्येक देहात त्या देहापुरते सुख असते, म्हणून जगणे सर्वांनाच प्रिय आहे.

१०/ पुढे तो गाडीखाली चिरडला जातो. अनेक योनी ओलांडून तो क्षत्रिय राजपुत्र होतो, मग ब्राह्मण होतो आणि अखेरीस ब्रह्मपदाला पोहोचतो. प्रत्येक टप्प्यावर त्याला आपले कीटकपण आठवते. परलोक मिळवण्यासाठी त्याला ती स्मृती पुसावी लागत नाही.

११/ तथापि परंपरा एकसुरी नाही. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात मृतांचे दोन मार्ग सांगितले आहेत, देवयान आणि पितृयान. या दोन्हींवाचून राहिलेले क्षुद्र जीव पुन्हा पुन्हा जन्मतात आणि मरतात. ते तिसरे स्थान होय. तेथे ना देवलोक, ना पितृलोक. कीटकाला परलोक नाकारणारा हा बहुधा आपल्याकडील सर्वांत जुना उतारा असावा.

१२/ मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात तर कीटकजन्म ही दंडसंहिताच झाली आहे. मध चोरणारा पुढच्या जन्मी डास-गांधीलमाशीच्या जातीचा दंश होतो. जन्मांच्या याच उतरंडीत काही माणसांनाही तळाशी ढकलले गेले. किड्याचा राजपुत्र होणाऱ्या कथेतही वाटेत चांडाळ आणि शूद्र या पायऱ्या आहेत. करुणा आणि उतरंड एकाच कथेत नांदतात, हे विसरून चालत नाही.

१३/ लोकपरंपरेने या साऱ्याचा हिशेबही मांडला. ८४ लक्ष योनींच्या प्रसिद्ध गणनेत कृमिकीटकांच्या योनी ११ लक्ष आहेत आणि मानवांच्या केवळ ४ लक्ष. जैन विचाराने निकष बदलला. तत्त्वार्थसूत्रात कृमी दोन इंद्रियांचा, मुंगी तीन, भ्रमर चार आणि मनुष्य पाच इंद्रियांचा. इंद्रिये कमी-अधिक, पण जीव प्रत्येकात सारखाच.

१४/ आता सारंगखेड्याच्या दैवताची गुरू, कुंभारीण माशी. ती मातीचे घर बांधते, त्यात अळी कोंडते. भयाने सतत माशीचेच ध्यान करता करता अळी स्वतः माशी होते, अशी समजूत होती. संत एकनाथांनी १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केलेल्या भागवतटीकेत हा दृष्टांत मराठीत आणला. ज्याचे ध्यान करावे ते होऊन जावे, हा भक्तीचा सिद्धांत एका किड्याच्या मृत्यूवर उभा राहिला.

१५/ निसर्गात घडते ते वेगळे आहे. माशी अळीला डंख मारून लुळी करते, घरात कोंडते आणि तेथे अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती जिवंत अळी खाते आणि मोठे होऊन बाहेर पडते. बाहेर येणारी माशी ही अळीचा पुनर्जन्म नसते. निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष चुकला होता.

१६/ अशाच जातीच्या माशांकडे पाहून चार्ल्स डार्विनने १८६० मध्ये एसा ग्रे यांना लिहिले होते, की दयाळू ईश्वराने असे जीव हेतुपुरस्सर निर्माण केले असतील, हे आपल्या मनाला पटत नाही. १९७९ च्या ‘एलियन’ चित्रपटात माणसाच्या छातीतून बाहेर पडणाऱ्या जीवाचे जीवनचक्र याच माशांच्या वळणाचे आहे. एकाच प्रकारच्या कीटकात एकनाथांना मुक्ती दिसली, डार्विनला शंका आणि चित्रपटाला भय.

१७/ आजच्या खेळांतील कीटकवंश प्रामुख्याने या तिसऱ्या, भयाच्या वंशावळीतून आले. एच. जी. वेल्स यांच्या १९०१ च्या चंद्रावरील कादंबरीत मुंग्यांसारखा समाज आला. हाइनलाइन यांच्या १९५९ च्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’मध्ये शत्रू म्हणजे किड्यांची बिनचेहऱ्याची फौज झाली. शीतयुद्धाच्या काळात ‘एकच मन असलेला शत्रू’ ही कल्पना लोकांना सहज पटली.

१८/ ‘वॉरहॅमर ४०,०००’ मधील टायरानिड हे तिचे टोक. त्यांत व्यक्ती नाही, एकच समूहमन आहे. मेलेला देह विरघळवून पुढच्या पिढीचा कच्चा माल होतो. छांदोग्यातील तिसरे स्थान यंत्रासारखे चालवावे, तसे हे चित्र आहे. गंमत अशी, की त्यांच्या सेनापतीला, स्वॉर्मलॉर्डला, समूहमन पुन्हा पुन्हा जन्माला घालते. पुनर्जन्म आहे, पण तो स्वामीच्या गरजेपुरता.

१९/ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ चा. त्यात १९८० च्या दशकाच्या आरंभी थ्री-क्रीन हा प्रार्थनाकीटकासारखा वंश आला आणि १९९१ च्या ‘डार्क सन’ या वाळवंटी विश्वात तो खेळाडूला निवडता येऊ लागला. त्या विश्वात देवच नाहीत. मृतांचे आत्मे एका धूसर लोकात जाऊन हळूहळू विरून जातात, मग तो मानव असो वा कीटक. थ्री-क्रीनांना आणखी एक देणगी आहे, वंशस्मृती. पूर्वजांचे ज्ञान वंशजात जागे होते. मृतांचा परलोक जणू जिवंतांच्या डोक्यात असतो.

२०/ ‘वॉरक्राफ्ट’मध्ये चित्र अधिक काळे आहे. २००३ च्या ‘फ्रोझन थ्रोन’मधील अनुब’अराक हा नेरुबियन वंशाचा राजा. त्याचा वंश लिच किंगशी लढला आणि हरला. मेलेल्या राजाला उठवून शत्रूने आपला दास केले. येथे मरणानंतरचे आयुष्य आहे, पण ते गुलामीचे. त्याच विश्वातील मँटिड वंश आपल्या थोर वीरांना अंबरमध्ये जपून ठेवतो आणि संकटकाळी जागे करतो.

२१/ सर्वांत निराळा खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियातील टीम चेरीचा ‘हॉलो नाइट’, २०१७. हॅलोनेस्ट या उद्ध्वस्त राज्यात माणूसच नाही. राजा, कवी, व्यापारी, योद्धा, सारे किडे. मेलेल्यांची भुते भेटतात, बोलतात, खंत सांगतात. नायक स्वतः मेला, की त्याची सावली मागे उरते. सारेच किडे असल्यावर कीटकाला आत्मा आहे का, हा प्रश्नच उरत नाही. अनुशासनपर्वातील किडा येथे घरच्यासारखा वावरला असता.

२२/ या उदाहरणांतून एक नियम हाती लागतो. ज्या विश्वात कीटकाला नाव आणि वाणी आहे, तेथे त्याला परलोकही आहे. जेथे तो केवळ झुंड आहे, तेथे नाही. अलर्कला नाव होते आणि मेल्यावर वाणीही मिळाली. गाडीवाटेवरील किड्याला नाव नव्हते, पण व्यासांनी त्याला विचारले आणि तो बोलला. परलोक कोणाला मिळतो, हा अखेर ‘कोणाशी बोलावेसे वाटले’ याचा प्रश्न आहे.

२३/ इतिहासाला हा प्रश्न खेळापुरता ठेवता येत नाही. आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख खानदेश. १८१८ नंतर येथील भिल्लांना आवरण्यासाठी इंग्रजांनी मोहिमा काढल्या आणि १८२५ मध्ये जेम्स आउट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारली. त्या काळच्या सरकारी भाषेत ‘लुटारू’ हा समूहाचा स्वभावच ठरला. १८७१ च्या कायद्याने तर देशातील अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले; तो डाग कायद्यातून पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी.

२४/ १९९४ मध्ये रवांडात रेडिओवरून तुत्सी लोकांना ‘झुरळे’ म्हटले जात होते. त्यानंतरच्या सुमारे १०० दिवसांत लक्षावधी माणसे मारली गेली. माणसाला किडा म्हणण्याचा अर्थ त्याला केवळ हीन म्हणणे इतकाच नसतो. त्याच्या मरणाची दखल घ्यायची नाही, त्याला पूर्वज नाहीत आणि पुढची गतीही नाही, असे त्यातून ठरवले जाते.

२५/ म्हणूनच ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनी २०२० पासून ‘जन्मतः दुष्ट वंश’ ही कल्पना सैल केली आणि २०२४ च्या नियमपुस्तकात ‘रेस’ हा शब्द सोडून ‘स्पीशीज’ घेतला, याला महत्त्व आहे. काहींना तो अतिरेक वाटला. पण वंशालाच स्वभाव चिकटवण्याची किंमत खानदेशच्या इतिहासाने मोजली आहे.

२६/ सातपुड्यातील आदिवासी वाघदेवाची पूजा करतात. जो जनावरे उचलून नेतो, प्रसंगी माणसालाही मारतो, त्याला गावाच्या व्यवस्थेत मानाची जागा देण्याची ही रीत आहे. भय नाहीसे होत नाही. भयाशी नाते जोडले जाते. दत्ताच्या गुरुपंक्तीत माशी आणि कोळी बसले, त्यामागेही अशीच वृत्ती दिसते.

२७/ तर राक्षसी कीटकवंशांना परलोक असतो का? खेळांच्या विश्वात उत्तर लेखकागणिक बदलते: कोठे वंशस्मृती, कोठे गुलामी, कोठे भूत होऊन उरणे, कोठे काहीच नाही. महाभारताने मात्र शत्रूच्या आणि आप्तांच्या प्रेतांनी भरलेल्या रणभूमीनंतर हा प्रश्न विचारला, आणि उत्तरादाखल गाडीखाली सापडलेल्या एका किड्याला पुढची गती दिली. (समाप्त)